कोकणातल्या घरात पोपट पाळायचाय? मग आधी हे करा

कैऱ्या धरायच्या दिवसांत कोकणात एक गोष्ट ठरलेली. कुणीतरी वाठलेल्या माडावर नाहीतर जुन्या आंब्यावर चढतो, ढोलीत हात घालतो आणि पंखही न फुटलेलं पोपटाचं पिल्लू खाली आणतो. वाडीतल्या कुणाच्या तरी मुलाला ते हवंच असतं. मग खोक्यात ठेवायचं, दूध-भात भरवायचा आणि जगलंच तर पुढची वीस-पंचवीस वर्षं ओटीच्या वाशाला टांगायचं. "आमच्या टायमाक पोपट डाळ-मिरची खावनच जगलो मा!" असं घरातली आजी सांगते, आणि ती खोटं बोलत नसते. जगला तो. कसा जगला, हे मात्र पिसं उपटून उघडी पडलेली त्याची छाती बघितली की कळतं.

पोपट आपल्याला हवासा वाटतो तो हुशारीमुळे. तो माणसं ओळखतो, शिट्टी उचलतो, कडी कशी उघडते ते बघून ठेवतो. रिकाम्या पिंजऱ्यात हीच हुशारी त्याच्या मुळावर येते. कंटाळलेला पोपट किंचाळतो, चावतो, शेवटी स्वतःचीच पिसं उपटतो. म्हणून आधी त्याचा दिवस कसा जाईल ते ठरवा, पिंजरा नंतर बघू. त्यातही कोकणात दमट हवा, खारा वारा, उघडी कौलारू घरं आणि वरचेवर जाणारी वीज आहे. शहरातल्या फ्लॅटसाठी दिलेले सल्ले इथे अर्धेच लागू पडतात.

देशी पोपट नाही म्हणजे नाही

गळ्यात गुलाबी कंठ असलेला आपला नेहमीचा पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, जांभळट-लाल डोक्याचा छोटा पोपट आणि सह्याद्रीतला निळ्या पंखांचा पोपट, सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. "साहेब, हा निळा आहे, पिवळा आहे, पिंजऱ्यातच जन्मलाय, चालतो" असं विक्रेते सांगतात. रंग बदलला तरी जात तीच राहते. या भानगडीत पडू नका.

पिल्लू झाडाखाली पडलेलं सापडलं तर घरी नेऊ नका. जखम नसेल आणि ढोली दिसत असेल तर परत आत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, हा समज चुकीचा आहे. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

पाळायचे ते परदेशी मूळ असलेले, पिंजऱ्यात पैदास झालेले पक्षी. त्यांच्यातही दोन गट आहेत. बजी (बजरीगर), कॉकाटील आणि पीच-फेस्ड लव्हबर्ड हे छोटे पोपट साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांची नोंदणी लागत नाही. सन कोन्यूर, मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे हे यादीत आहेत. २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी घरात असेल तर परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. पुढे तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावं लागतं. विक्रेत्याकडे त्याच्या नावची नोंद नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

कोणता पक्षी घ्यावा

माझं मत सरळ आहे. पहिलाच पक्षी असेल तर कॉकाटील घ्या, नाहीतर बजींची जोडी. आफ्रिकन ग्रेचा मोह सगळ्यांना होतो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये ॲलेक्स नावाचा असा पोपट घेतला आणि २००७ मध्ये तो मरेपर्यंत त्याच्यावर संशोधन केलं. तो शंभरेक शब्द वापरायचा, रंग आणि आकार सांगायचा, सहापर्यंतच्या वस्तू मोजायचा. पण ॲलेक्सच्या मागे अख्खी प्रयोगशाळा दिवसभर राबत होती, हे व्हिडिओ बघताना विसरायला होतं. ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगतो. तुमच्या नंतर त्याचं कोण करणार, याचं उत्तर आजच तयार नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

कॉकाटील पंधरा-वीस वर्षं जगतो. डोक्यावर तुरा, गालावर केशरी ठिपका, आवाज सोसवेल इतका. नर सुंदर शिट्ट्या मारतो, शब्द कमी उचलतो. त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी झडते, त्यामुळे घरात कुणाला दमा असेल तर आधी तासभर एखाद्या कॉकाटीलवाल्याच्या घरी बसून या. बजी लहान असतो आणि पाच ते दहा वर्षं जगतो. बोलण्यात मात्र त्याला कमी लेखू नका. पक नावाच्या एका बजीला १,७२८ शब्द येत असल्याची गिनीज बुकात नोंद आहे. बजीचा नर ओळखायचा तो चोचीवरच्या मांसल भागावरून. मोठ्या नरात तो निळा असतो, मादीत तपकिरी. लव्हबर्ड देखणा असतो, पण चावरा आणि हट्टी. आणि आपल्याकडे बऱ्याच दुकानांत बजींनाच लव्हबर्ड म्हणून विकतात, तेव्हा पाटी वाचून ठरवू नका, पक्षी बघा.

घेताना दुकानात थोडा वेळ लांब उभे राहा. फुगून, डोळे मिटून, पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी नको. शेपटीखालची पिसं स्वच्छ हवीत, नाकपुड्या कोरड्या हव्यात. स्वतः खाणारं, नुकतंच सुटं झालेलं पिल्लू उत्तम. अजून भरवावं लागणारं पिल्लू "लवकर माणसाळतं" म्हणून गळ्यात मारतात. भरवण्याचा अनुभव नसेल तर ते श्वासनलिकेत खाणं जाऊन मरतं.

पक्षी येण्याआधी घर

हा भाग लोक सोडून देतात, आणि पक्षी गमावतात तो इथेच.

सर्वात आधी पंखा. कोकणातल्या उकाड्यात छताचा पंखा बंद म्हणून नसतो. मोकळा सुटलेला पक्षी थेट पात्यांत जातो. पक्षी बाहेर असताना त्या खोलीतला पंखा बंद, हा नियम घरातल्या लहान मुलापासून पाहुण्यापर्यंत सगळ्यांना पाठ हवा. टेबलफॅनला बारीक जाळी असेल तर तो लांब ठेवून चालतो.

मग छप्पर. कौलारू घरात भिंत आणि वासे यांच्यामध्ये हातभर फट असते. हवा खेळायला ती चांगलीच, पण कॉकाटील तिच्यातून दोन सेकंदांत बाहेर जातो आणि बाहेर कावळे, शिक्रे टपलेलेच असतात. वर माळा किंवा स्लॅब असलेली एक खोली निवडा, खिडक्यांना जाळी मारा आणि पक्षी फक्त तिथेच मोकळा सोडा. आरसा आणि मोठी काच असेल तर पहिले काही दिवस पडदा ओढून ठेवा.

स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून पिंजरा नको. नॉनस्टिकचा रिकामा तवा गॅसवर विसरला आणि खूप तापला, तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. माणसाला त्याचा वासही येत नाही. पक्ष्याची फुप्फुसं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढून घेतात, म्हणून चुलीचा धूर, डासांची कॉइल, धूप, कापूर, डांबरगोळ्या, रूम स्प्रे यांतलं काहीच त्याच्या खोलीत नको. डासांसाठी पिंजऱ्यावर रात्री मच्छरदाणीचा तुकडा टाका. डासांमुळे पक्ष्यांना देवीसारखा रोगही होतो, त्यामुळे जाळीचा दुहेरी उपयोग.

राहिले बिनबोलावता येणारे. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे धामण. ओटीवर किंवा पडवीत रात्री पिंजरा ठेवूच नका, बंद खोलीत घ्या. दिवसासुद्धा पडवीत मांजर आणि वानरं यांचा भरवसा नाही. मुंग्यांवर घरचाच उपाय आहे. फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो तशा पिंजऱ्याच्या स्टँडखाली ठेवा, आणि पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर त्यातच डास होतील.

पिंजरा

गोल पिंजरा घेऊ नका. पक्ष्याला कोपरा लागतो आणि उडायला आडवी लांबी लागते. बजींच्या जोडीला निदान तीस इंच लांब, अठरा इंच रुंद आणि तितकाच उंच हवा. एकट्या कॉकाटीललाही त्याहून लहान नको. दोन गजांमध्ये अर्ध्या इंचापेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर डोकं अडकतं.

खाऱ्या वाऱ्यात साधा लोखंडी पिंजरा एका पावसाळ्यात गंजतो. रंगाचे पोपडे निघाले की पक्षी ते कुरतडतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या स्वस्त जाळीचीही तीच गोष्ट, जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. परवडत असेल तर स्टेनलेस स्टील, नाहीतर चांगला पावडर कोटिंग केलेला पिंजरा घ्या. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, उन्हात वाळवा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हा वार चुकवू नये.

आतल्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून टाका. सगळ्या एकाच जाडीच्या असल्या की पायाला एकाच जागी घट्टे पडतात. पेरूची फांदी सालीसकट लावा. जांभूळ, कडुनिंब, बांबूही चालतो, जाडी वेगवेगळी असू द्या. काजूची फांदी अजिबात नको, तिचा चीक भाजतो. कण्हेर, रुई, शेर हेही बाद.

मडकं किंवा लाकडी घरटं आत टांगायची आपल्याकडे पद्धत आहे. पिल्लं नको असतील तर टांगू नका. मडकं दिसलं की मादी अंडी घालत सुटते, अंगातलं कॅल्शियम संपतं आणि एखादं अंडं अडकून ती मरते.

पहिले पंधरा दिवस

पक्षी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याला हात लावायचा नाही. पिंजरा भिंतीला टेकवून, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा. जवळ बसून पेपर वाचा, तांदूळ निवडा, हळू आवाजात बोलत राहा. टक लावून बघू नका, शिकारीच तसं बघतो. घरात आधीचा पक्षी असेल तर नव्याला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा आणि आधी जुन्याचं, मग नव्याचं करा.

चौथ्या दिवसापासून राळ्याचं कणीस गजांमधून धरा. तो खायला येईल, पळेल, परत येईल. तुमचा हात दिसूनही तो खात राहिला की दार उघडून आत धरा. मग कणीस असं धरा की ते गाठायला त्याला तुमच्या बोटावर एक पाय ठेवावा लागेल. बोट त्याच्या पोटाच्या खालच्या भागाला, पायांच्या जरा वर, हलकेच टेकवून "वर ये" म्हणा. चढला की लगेच घास द्या. एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे, सकाळ-संध्याकाळ. तो कंटाळायच्या आधी थांबायचं.

याच काळात एक खेळ शिकवा, पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. खराट्याचा जाडसर हीर घ्या, टोक बोथट करा. ते त्याच्यापासून वीतभर लांब धरा. कुतूहलाने त्याने टोकाला चोच लावली, त्याच क्षणी तोंडाने "टक्" असा आवाज करा आणि एक दाणा द्या. पाच-सहा वेळा असं झालं की तो टोकाकडे मुद्दाम यायला लागतो. मग टोक जरा उजवीकडे, जरा वर, दुसऱ्या दांडीवर. आठवडाभरात हिराच्या मागे तो पिंजऱ्यात परत जातो, वजनकाट्यावर चढतो, प्रवासाच्या खोक्यात शिरतो. पकडापकडी, टॉवेल टाकणं, घरभर धावणं सगळं वाचतं. या खेळाला भूक लागते, पण उपाशी ठेवायचं नाही. सकाळच्या खाण्याआधीची वेळ निवडली की झालं.

कॉकाटीलचा तुरा वाचायला शिका. ताठ उभा म्हणजे दचकलाय. मागे चपटा दाबलेला आणि तोंडाने फिस्स म्हणजे चावणार. सैल, अर्धवट मागे झुकलेला म्हणजे खुशीत. चोचीवर चोच घासल्याचा कर्रकर्र आवाज झोपण्याआधी आला तर समजा, स्वारी निवांत आहे. चावला तर हात झटकू नका, ओरडू नका, आपला आरडाओरडा त्याला तमाशा वाटतो. शांतपणे खाली ठेवा आणि मिनिटभर पाठ फिरवा.

पंख कापावेत का? मी कापत नाही. उडणं हा त्याचा व्यायाम आहे, आणि कापलेल्या पंखांचा पक्षीही वाऱ्याच्या झोतावर माडापर्यंत जातोच. कापायचेच असतील तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडून कापून घ्या.

बोलायला शिकवणं

कॅसेट लावून ठेवल्यासारखं तासभर एकच शब्द घोकून काही होत नाही. पोपट शब्द प्रसंगाला जोडून उचलतो. सकाळी आच्छादन काढताना रोज "राम राम", खाणं ठेवताना "घे बाळा", दिवा मालवताना "नीज आता". आवाज जरा चढा, हेल ठरलेला. ॲलेक्सला शिकवताना दोन माणसं त्याच्यासमोर आपापसात विचारणं-सांगणं करत, आणि बरोबर नाव घेणाऱ्याला ती वस्तूच मिळे. घरी भाऊ-बहिणींना हे सहज जमतं. एकाने पेरूची फोड दाखवून "हे काय?" विचारायचं, दुसऱ्याने "पेरू" म्हणून ती खायची, पक्ष्याने बघायचं. नर बजी काही महिन्यांत बोलू लागतो, काही बोलतच नाहीत. बोलला नाही म्हणून दुसरा आणू नका. आणि त्याच्यासमोर शिव्या देताना जपून, जोरात आणि जीव ओतून म्हटलेलं तो सगळ्यात आधी उचलतो.

दिवसभर हाताला, म्हणजे चोचीला, काम

रानात पोपटाचा बराचसा दिवस खाणं शोधण्यात जातो. आपण भरलेली वाटी समोर ठेवतो, पाच मिनिटांत काम संपतं, उरलेला दिवस तो काय करणार? म्हणून निम्मं खाणं लपवून द्या. कोकणात खेळणी विकत घ्यायची गरजच नाही. घासून धुतलेली करवंटी, तिला भोक पाडून आत दाणे आणि वर कागदाचा बोळा. सुक्या सोडणाचा, म्हणजे नारळाच्या वरच्या सालीचा, तुकडा, त्याच्या केसरांत खोचलेला राळा. पोफळीच्या विरीच्या पट्ट्या नुसत्या फाडायला. माडाची कोवळी पात गजांत विणून ठेवली तर बजी दुपारभर तिच्यावर काम करतात. लांब सुटे धागे मात्र कापून टाका. काथ्याचा किंवा सुताचा धागा बोटाला गुंडाळला जातो आणि बोट काळं पडतं. खेळणी तीन-चार दिवसांनी फिरवत राहा.

दिवसाला निदान दोन तास पिंजऱ्याबाहेर. रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता. टीव्हीच्या खोलीत अकरापर्यंत जागणारा पक्षी चिडचिडा होतो, मग लोक म्हणतात जातच चावरी.

खाणं

नुसते दाणे, त्यातही नुसत्या सूर्यफुलाच्या बिया, म्हणजे चरबी जास्त आणि अ जीवनसत्त्व जवळपास नाहीच. यकृताला चरबी धरते, श्वसनाचे आजार होतात. दाणे एकूण खाण्याच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा. राळा, बाजरी, नाचणी, वरी असं मिश्रण करा, सूर्यफूल फक्त बक्षिसाला. बाकी निम्म्यात शिजवलेला लाल तांदूळ, उकडलेले कुळीथ किंवा मूग, मोड आलेली नाचणी, किसलेलं गाजर, लाल भोपळा, कोथिंबीर. शेवग्याचा पाला परसात असेल तर त्याची डहाळीच टांगा, याहून चांगली भाजी नाही. पेरू, पपई, आंब्याची फोड थोडीथोडी. हिरवी मिरची खुशाल द्या. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, आणि अ जीवनसत्त्व चांगलं मिळतं. आजी इथे बरोबर होती.

आजी चुकली ती दुधात. पक्ष्याला दूध पचत नाही, चहात बुडवलेली चपाती तर दुहेरी वाईट. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू ही विषं आहेत. कांदा-लसूण, फरसाण, सुकी मासळी, खारवलेलं काहीही नको. सफरचंदाच्या बिया काढून टाका. ओलं खाणं दोन तासांनी उचला, आपल्या हवेत ते लगेच आंबतं. नवीन भाजी पहिल्या दिवशी कुणीच खात नाही. पंधरा दिवस न कंटाळता देत राहा, आणि त्याच्यासमोर स्वतः खा.

कॅल्शियमसाठी दुकानात पांढरं, लंबगोल समुद्रफेन मिळतं. ते माकुळाचं हाड. आपल्या किनाऱ्यावर ते पावसाळ्यानंतर फुकट पडलेलं असतं. पांढरंशुभ्र, न तुटलेलं, तेलाचा डाग किंवा कुजका वास नसलेलं उचला. बाजूची कडक धारदार कड मोडून टाका. बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, जिभेला खारट लागेनासं होईपर्यंत. तीन-चार दिवस तरी जातातच. मग दहा मिनिटं उकळा आणि कडक उन्हात इतकं वाळवा की नखाने खरवडल्यावर पीठ पडेल. मऊ बाजू पक्ष्याकडे करून गजाला बांधा. बंदराजवळचं, जिथे बोटींचं डिझेल तरंगतं तिथलं, उचलू नका.

पावसाळा

कोकणातल्या पक्षी पाळणाऱ्यांची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. दमट हवेत दाण्यांना बुरशी धरते, आणि तिच्या कणांनी फुप्फुसाचा असा आजार होतो जो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मेच्या उन्हात दाणे वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. त्यानंतर थोडेथोडेच आणा. डबा उघडल्यावर कुबट वास आला तर सगळं फेका, धुऊन वापरायच्या फंदात पडू नका. शेंगदाणे पावसात पूर्ण बंद, त्यांच्यावरच्या बुरशीचं विष यकृत खातं. तळाचा कागद रोज बदला. गारठा लागेल म्हणून पिंजऱ्याला प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. वाऱ्याची बाजू सुती चादरीने झाका, एक बाजू उघडी.

उघडीप मिळाली की पंधरा-वीस मिनिटं कोवळ्या उन्हात पिंजरा ठेवा, अर्धी सावली असेल असा, आणि तिथून हलू नका. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा ड जीवनसत्त्वासाठी उपयोग होत नाही.

वीज गेली की कॉकाटीलचे हाल होतात. एकदम काळोख, वर कौलांवर पाऊस, एखादी झावळ पडल्याचा आवाज, आणि तो पिंजऱ्यात वेड्यासारखा आपटायला लागतो. पंखांची पिसं रक्तबंबाळ होतात. चार्जिंगचा एक मंद दिवा खोलीत रात्रभर असू द्या. आपटायला लागलाच तर हात आत घालू नका. उजेड करा आणि ओळखीच्या आवाजात बोला.

गणपती आणि शिमगा

चाकरमानी आले की घरात वीस माणसं, आरत्या, अगरबत्त्या, कापूर आणि फटाके. आदल्या दिवशीच पिंजरा मागच्या खोलीत हलवा, दाराला फट राहणार नाही असा पडदा लावा. मुंबईच्या पोराटोरांना पक्ष्याला मोदक भरवायचा असतो. त्यांच्या हातात कोथिंबिरीची काडी द्या, दोघंही खूश. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा ढोल थेट अंगणात वाजतात. त्या वेळी घरातल्या एकाने पक्ष्याजवळ बसावं.

आजार

पक्षी आजार लपवतो, आणि दिसू लागला म्हणजे वेळ थोडा राहिलेला असतो. त्यामुळे सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. बजी साधारण ३० ते ४० ग्रॅम, कॉकाटील ८० ते १०० च्या आसपास. आठवड्यातून एकदा सकाळी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दहा टक्के घटलं तर पक्षी हुंदडत असला तरी डॉक्टरकडे न्या. विष्ठेत तीन भाग दिसतात. हिरवट वळी, पांढरा भाग आणि पाणी. रंग किंवा पातळपणा दिवसभर बदललेला राहिला, श्वास घेताना शेपूट वर-खाली हलू लागली, तोंड उघडं राहिलं, तर थांबू नका.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशी आणि कुत्री बघायची सवय असते. पक्षी बघणारा डॉक्टर कुठे आहे, ते पक्षी घ्यायच्या आधीच शोधा, मग तो कोल्हापुरात असो की पुण्यात. तिथे पोचेपर्यंत एवढंच करा. लहान खोक्यात ठेवा, एका बाजूला बल्ब लावून ऊब द्या, दुसरी बाजू थंड राहू द्या म्हणजे नको झाल्यावर तो सरकेल. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. नख तुटून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. माणसांची औषधं नाहीत. उन्हाळ्यात पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत असेल तर सावली, वारा आणि पायांवर साधं पाणी, बर्फ नको.

पोपटांकडून माणसाला न्यूमोनियासारखा एक आजार होऊ शकतो. ताप आणि कोरडा खोकला लांबला तर आपल्या डॉक्टरला घरात पक्षी आहे हे सांगा. विष्ठा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीतल्या मेलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लू सापडला होता. अशी बातमी आली की पिंजरा बाहेर काढणं बंद, आणि कावळे बसतात त्या जागेवरून आलेली चप्पल खोलीबाहेर.

घर सोडावं लागलं तर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा अनेकांची छपरं तासाभरात उडाली, आणि पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. मोठा पिंजरा अशा वेळी उचलून पळता येत नाही. दांडी बसवलेलं एक छोटं, हवेशीर, कडी लागणारं खोकं कायम तयार ठेवा आणि महिन्यातून एकदा हिराच्या खेळाने पक्ष्याला त्यात चढवा. खोक्याला आठवडाभराचे दाणे भरलेली बरणी आणि मंद दिवा बांधून ठेवा.

एसटीतून किंवा कोकण रेल्वेने न्यायचं असेल तर आधी नियम विचारून घ्या. खोकं मांडीवर ठेवा, तीन बाजूंनी सुती कापड, तळाला खरखरीत कागद म्हणजे घाटात पाय घसरत नाहीत. दोन दिवसांपेक्षा जास्त गावाबाहेर जाणार असाल तर पक्षी शेजाऱ्यांकडे ठेवा, पण त्यांना आठवडाभर आधी रोज येऊन खाणं द्यायला लावा, आणि पंखा, नॉनस्टिक, कॉइल हे तीन शब्द मोठ्या अक्षरांत लिहून पिंजऱ्याला चिकटवा. प्रवासात पाण्याची वाटी सांडून पक्षी भिजतो. त्याऐवजी काकडीची जाड चकती गजात अडकवा, मुक्कामी पोचल्यावर पाणी द्या.